फक्त एक ओळ बदलली आहे

सर्व्हरवर दोन प्रकारचा मजकूर नांदतो. एक प्रोग्रॅम. तो लिहायला महिने लागतात, तपासायला आठवडे, आणि तो बाहेर पडला की ऑफिसात केक कापतात. दुसरे कॉन्फिगरेशन, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पोर्टचा क्रमांक, उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, कोणती सोय चालू ठेवायची आणि कोणती बंद. हे लिहायला दोन मिनिटे लागतात, तपासायला कोणी बसत नाही आणि केकचा तर प्रश्नच नाही. मोठी यंत्रणा कोलमडली की जो चौकशी अहवाल निघतो, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र बऱ्याचदा हे दुसरेच उभे असते. त्याच्या वतीने बचावही ठरलेला असतो: फक्त एक ओळ बदलली होती.

कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट ही विद्या त्या एका ओळीच्या बंदोबस्तासाठी निघाली. त्याआधी हा बंदोबस्त माणूस करीत असे. सर्व्हर दोन-चार असत. प्रशासक लॉगिन करी, फाइल उघडी, ओळ बदली आणि जुनी फाइल 'जुनी', 'जुनी२', 'फायनल' आणि 'खरीफायनल' अशा नावांनी शेजारीच ठेवून देई. सर्व्हर चाळीस झाले तेव्हा चाळीस खरीफायनल झाल्या आणि त्यांतल्या कोणत्याही दोन सारख्या राहिल्या नाहीत. १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन लिहिले. त्यातली कल्पना सोपी होती. सर्व्हरने काय काय करावे याची पाठ केलेली कृती देऊ नये, तो शेवटी कसा दिसावा एवढेच लिहावे. सर्व्हर तसा नसेल तर उपकरण त्याला तसे करील. असेल तर गप्प बसेल. काम झालेले असताना पुन्हा न करणे हा गुण माणसांत जन्मजात असतो. यंत्राला तो शिकवावा लागला.

पुढे २००५ मध्ये ल्यूक केनीजचे पपेट आले, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये अॅन्सिबल. शेफमध्ये कुकबुक, रेसिपी आणि नाइफ असते, सॉल्टमध्ये ग्रेन, पिलर आणि मिनियन. ही दोन्ही वापरणाऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने कान देऊ नये.

पपेटचा स्वभाव मात्र थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सर्व्हरवर त्याचा एक एजंट बसतो. तो दर ३० मिनिटांनी उठतो, आपला सर्व्हर लिहून दिल्याप्रमाणे आहे ना हे मुख्य सर्व्हरकडून आलेल्या यादीशी ताडून पाहतो आणि नसेल तर न विचारता दुरुस्त करतो. आता रात्री अडीच वाजता प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी यंत्रणा, अडखळते. ऑन-कॉल इंजिनिअर अंथरुणातूनच लॅपटॉप उघडतो, सर्व्हरवर जातो आणि हाताने एक आकडा बदलतो. यंत्रणा सुरळीत होते. पुलाखालून बरेच पाणी गेले, आता झोपावे, असे त्याला वाटते. तीन वाजता एजंट उठतो, कोणीतरी आगाऊपणा केल्याचे त्याच्या लक्षात येते आणि तो जुना आकडा निष्ठेने परत घालतो. फोन पुन्हा वाजतो. हा खेळ दोनदा झाला की तिसऱ्या वेळी इंजिनिअर एजंटलाच बंद करतो. बंद करताना कारण लिहिण्याची सोय असते. तिथे तो लिहितो: 'तात्पुरते'.

हा तात्पुरता काळ किती चालतो याला शास्त्रात मर्यादा नाही. तो सर्व्हर तेव्हापासून कोणत्याही सुधारणेपासून मुक्त होऊन स्वतःच्या मतांनी जगू लागतो. इतर एकोणचाळीस सर्व्हरांवर पासवर्ड बदलतात, सुरक्षेचे पॅच लागतात, लॉग दुसरीकडे जाऊ लागतात. याच्याकडे सारे जिथल्या तिथे. त्याला वाळीत टाकलेले नसते, उलट ग्राहकांची कामे तोही करीत असतो. फक्त दर चाळिसाव्या ग्राहकाला काहीतरी विचित्र दिसते आणि तक्रार आली की इतरांना ते दिसत नाही.

कॉन्फिगरेशनचा कोड थेट खऱ्या सर्व्हरवर सोडू नये, यावर या क्षेत्रात एकमत आहे. म्हणून एन्व्हायर्नमेंट असतात. किमान तीन: डेव्ह, जिथे काहीही मोडले तरी चालते, स्टेजिंग, जिथे मोडले तर चर्चा होते, आणि प्रॉडक्शन, जिथे मोडले तर वर्तमानपत्रात येते. बँका आणि विमा कंपन्यांमध्ये ही संख्या वाढत जाते. क्यूए, एसआयटी, यूएटी, प्रीप्रॉड, डीआर. यूएटी-२ असेल तर समजावे की एका प्रोजेक्टने यूएटी अडवून ठेवले होते आणि दुसऱ्याला थांबायला वेळ नव्हता. परफॉर्मन्स तपासण्यासाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट असते. खर्च नको म्हणून ते प्रॉडक्शनच्या पावपट आकाराचे उभारतात आणि आलेल्या आकड्याला चारने गुणतात. हा गुणाकार करणाऱ्याला सहसा मोठे पद असते.

स्टेजिंग हुबेहूब प्रॉडक्शनसारखे आहे, असे प्रत्येक कंपनीत सांगितले जाते. ते सांगणारा माणूस बहुधा स्टेजिंगवर लॉगिन केलेला नसतो. खरे तर ती रंगीत तालीम असते. नेपथ्य तेच, वेशभूषा तीच, प्रकाशयोजना तीच. फक्त प्रेक्षागृहात नऊशे माणसे, त्यांतली दोन रडणारी मुले आणि तिसऱ्या रांगेत वाजणारा मोबाइल नसतो, आणि नाटक पडते ते नेमके त्यांच्यामुळे. स्टेजिंगवरच्या ग्राहकाचे नाव 'टेस्ट टेस्ट' असते, त्याचा जन्म १ जानेवारीचा असतो आणि त्याच्या फोन नंबरात नऊ हा एकच आकडा दहा वेळा असतो. प्रॉडक्शनवर आडनावाच्या रकान्यात टिंब टाकणारे गृहस्थ राहतात, पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे, डावीकडचा बोळ' असे लिहिणारे राहतात आणि एकाच ईमेलवर सारे कुटुंब चालवणारेही राहतात. स्टेजिंगवर सुरक्षा प्रमाणपत्राची तपासणी सोयीसाठी बंद ठेवलेली असते, त्यामुळे प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तालीम कधीच होत नाही. ते थेट प्रयोगातच संपते.

उलट दिशेचा, म्हणजे तालमीतून थेट प्रेक्षकांकडे, प्रवासही घडतो. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्सच्या अनेक ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १' या विषयाचे पत्र आले. पत्रात तेवढीच माहिती होती. कंपनीने नंतर सांगितले की लोक गमतीने ज्याच्यावर बिल फाडत आहेत त्या इंटर्नचेच हे काम होते, खरोखरच. मग जगभरच्या अनुभवी मंडळींनी त्या अनोळखी इंटर्नला आपापल्या चुका कळवून धीर दिला. त्या चुका वाचल्यावर बँकेत पैसे ठेवावेत की नाही असा प्रश्न पडावा.

एका एन्व्हायर्नमेंटमधून दुसऱ्यात कोड न्यायचा कसा, याचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला गिटची स्वतंत्र ब्रँच द्या. पपेटवाल्यांकडे आर-टेन-के नावाचे उपकरण हेच करते. जितक्या ब्रँच तितकी एन्व्हायर्नमेंट ते आपोआप मांडून देते, आणि गिटमधून ब्रँच काढली की एन्व्हायर्नमेंटही आवरून टाकते. योजना सुरेख आहे. डेव्ह ब्रँचमध्ये लिहावे, तिथे नीट चालले की स्टेजिंगमध्ये मर्ज करावे, मग प्रॉडक्शनमध्ये. व्यवहारात प्रॉडक्शनवर आग लागलेली असताना तिसऱ्याच बाजूने थेट प्रॉडक्शनच्या ब्रँचमध्ये हॉटफिक्स जातो आणि 'खाली पण घेऊ या नंतर' असे ठरते. ते नंतर कधी येत नाही. वर्षभराने तिन्ही ब्रँचमधला फरक काढायला बसले की स्क्रीनवर हिरव्या-तांबड्या ओळींची जत्रा दिसते, आणि पुढचा मर्ज करताना तो हॉटफिक्स पुसला जाऊन जुनी आग नव्याने लागते. शिवाय टीममध्ये एखादा स्वच्छताप्रिय सदस्य असतोच. तो शुक्रवारी संध्याकाळी जुन्या ब्रँच साफ करतो आणि सोमवारी क्यूएची मंडळी आपले एन्व्हायर्नमेंट शोधत फिरतात.

दुसऱ्या पंथाचे म्हणणे, कोड एकच ठेवा, फरक तेवढा डेटामध्ये लिहा. हा पंथ बरोबर आहे. मात्र बरोबर असण्याची किंमत त्यालाही मोजावी लागते, कारण मग डेटाची उतरंड करावी लागते. सर्वांत खाली सगळ्यांना लागू असलेले मूल्य, त्यावर देशाचे, त्यावर डेटा सेंटरचे, त्यावर एन्व्हायर्नमेंटचे, आणि सर्वांत वर त्या एकट्या सर्व्हरचे, जो कोणे एके काळी तात्पुरता वेगळा वागवला होता. वरचे मूल्य खालच्याला झाकते. अॅन्सिबलच्या अधिकृत दस्तऐवजात कोणत्या जागचे मूल्य कोणावर मात करते याच्या २२ पायऱ्या दिल्या आहेत. त्या पाठ असणारा माणूस क्वचित भेटतो, आणि भेटलाच तर पूर्वी त्याचे काय झाले असावे याचा अंदाज येतो. पोर्टचा क्रमांक ८०८० का येतोय, हे शोधायला निघालेला नवा इंजिनिअर दुपारच्या जेवणापर्यंत नवव्या पायरीवर असतो. संध्याकाळी त्याला कळते की तो क्रमांक डेटात नव्हताच. कोणीतरी कोडमध्येच लिहून ठेवला होता.

ही सारी मूल्ये बहुधा यमल नावाच्या लिपीत लिहितात. माणसाला वाचायला सोपी म्हणून तिची ख्याती आहे. तिच्यात टॅबने जागा सोडलेली चालत नाही, स्पेसच द्यावी लागते, आणि दोन स्पेसच्या जागी तीन पडल्या की कुटुंबातले नाते बदलते. पण खरी मौज तिच्या समजूतदारपणात आहे. यमलच्या १.१ या आवृत्तीत 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर त्यांचा अर्थ खरे किंवा खोटे असा घेतला जाई. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची यादी कोणी लिहिली की डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड जागेवर राहत आणि नॉर्वे 'खोटे' ठरे, कारण त्याचा संकेत 'एनओ' आहे. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या सीएफइंजिनचा उगम ज्या देशात झाला त्याचेच अस्तित्व नाकारणारी ही लिपी त्याच क्षेत्राची राजभाषा झाली. आवृत्ती क्रमांक १.१० लिहिला तर त्याचा १.१ होतो, आणि पोर्टच्या जोडीसाठी २२:२२ लिहिले तर ते साठच्या पटीतले गणित समजून १३४२ होते. २००९ मधल्या १.२ आवृत्तीने 'नो'चा आणि साठच्या पटीचा घोटाळा दूर केला. वापरातली बरीच उपकरणे त्यानंतरही १.१ च वाचत राहिली, कारण तीही बदलणे म्हणजे एक ओळ बदलणे होते.

पासवर्ड गिटमध्ये ठेवू नयेत. ते कुलूपबंद करून ठेवण्यासाठी चांगली उपकरणे आहेत. त्या कुलपाची किल्ली टीमच्या चॅट ग्रुपवर पिन केलेली असते.

डिप्लॉय करण्याआधी कोरडा सराव करता येतो. पपेटमध्ये त्याला नूप म्हणतात, अॅन्सिबलमध्ये चेक मोड. काही न बदलता काय काय बदलेल ते उपकरण सांगते. ते इतके प्रामाणिकपणे सांगते की एका ओळीच्या बदलापोटी तीनशे ओळींचा अहवाल येतो, कारण आधीच्या आठ जणांचे न लागलेले बदलही त्यातच असतात. अहवाल वरून खाली वेगाने सरकवतात, शेवटची ओळ तांबडी नाही एवढे पाहतात आणि पुढे जातात. अॅन्सिबलला तर सर्व्हरची यादी बहुधा कमांडमध्येच सांगतात. डेव्हची यादी आणि प्रॉडची यादी यांत कधीकधी एका शब्दाचाच फरक असतो, आणि कीबोर्डवरचा वर जाणारा बाण दाबला की मागची कमांड आयतीच पुढे येते. ती कालची असते की परवाची, हे एंटर दाबल्यावर कळते.

डिप्लॉयच्या वेळेचेही एक पंचांग आहे. शुक्रवारी डिप्लॉय करू नये, हे जगभर पाळले जाणारे व्रत आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाला शनिवारी रात्री अकराची वेळ सोयीची वाटते, कारण तेव्हा त्याचे ग्राहक झोपण्याच्या बेतात असतात. हिंजवडीच्या माणसाच्या घड्याळात तेव्हा रविवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ, आणि स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास येत असतो. सणांचा मेळ तर त्याहून बिकट. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येते आणि अनेक कंपन्या तेव्हापासून नाताळपर्यंत कोणताही बदल करत नाहीत. याला फ्रीझ म्हणतात. फ्रीझ लागण्याआधी सगळे उरकून घ्यायचे असल्याने खरी धावपळ त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत होते, आणि दिवाळी बरोबर त्याच काळात येते. मग लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर घरातल्या एका खोलीत लॅपटॉपसमोर कॉल चालू असतो आणि फटाका वाजला की पलीकडचा माणूस विचारतो, सगळे ठीक आहे ना? दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घालण्याची प्रथा क्लाउड आल्यापासून लॅपटॉपवर भागवली जाते. स्टेजिंगला हळदकुंकू तेव्हाही मिळत नसे.

इतकी सिद्धता असूनही एक सर्व्हर सुटतो. याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर दलाल कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठीचा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तो सातांवर चढला. आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा जुना कोड तसाच होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण काढून टाकायला मुहूर्त मिळाला नव्हता. नव्या कोडसाठी जो फ्लॅग वापरला तो नेमका या जुन्याचाच होता. तो चालू करताच सात सर्व्हर नव्या युगात गेले आणि आठवा नऊ वर्षे मागे. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने याविषयी ९७ ईमेल पाठवल्या होत्या. आपोआप येणारी ईमेल वाचायची नसते हा नियम तिथेही पाळला गेला. सुमारे ४५ मिनिटांत यंत्रणेने १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांवर सौदे केले. त्याच गडबडीत, गोंधळ नव्या कोडमुळे झाला असेल, असे समजून मंडळींनी सात चांगल्या सर्व्हरांवरून तो काढून टाकला. आता आठही सर्व्हर हुबेहूब सारखे झाले. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचे ध्येय इतक्या महागात क्वचितच गाठले गेले असेल: तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि शेअर बाजार नियामकाचा १.२ कोटी डॉलरचा दंड पुढच्या वर्षी वेगळा.

गिटलॅबची गोष्ट त्यामानाने सुखान्त आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री तिथला इंजिनिअर दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला गेला आणि मुख्य डेटाबेसची पुसली. एक-दोन सेकंदांत लक्षात आले, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा निघाल्याने तो कित्येक दिवस अपयशी होत होता, आणि अपयश कळवणाऱ्या ईमेल सेटिंगमधल्या त्रुटीमुळे कोणापर्यंत पोहोचतच नव्हत्या. शेवटी तारले ते स्टेजिंगने. सहा तासांपूर्वी कोणीतरी स्टेजिंगसाठी म्हणून डेटाची एक प्रत काढून ठेवली होती. स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या, म्हणून संथ. ती प्रत परत वर चढायला तासन्‌तास लागले आणि कंपनीने तो सोहळा यूट्यूबवर थेट दाखवला. उपायांच्या यादीत टर्मिनलचा रंग होता: प्रॉडक्शन लाल, स्टेजिंग पिवळे. इतक्या सगळ्या ऑटोमेशननंतर शेवटचा भरवसा रंगपेटीवर ठेवावा लागला, यात कमीपणा काही नाही.

१९ जुलै २०२४ च्या घटनेने एकूण शिष्टाचारातली एक फट दाखवली. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने जात असत. ग्राहकाला एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याचीही मुभा होती. त्याच प्रोग्रॅमला रोजच्या धोक्यांची माहिती देणारी कॉन्फिगरेशन फाइल मात्र सगळ्यांना एकदम जाई. कोड नव्हताच तो. त्या दिवशीच्या फाइलमुळे प्रोग्रॅम एकविसावे मूल्य वाचायला गेला आणि त्याला मूल्ये वीसच मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण निळा पडलेला संगणक नवी फाइल घ्यायला उठणार कसा, म्हणून पुढचे बरेच दिवस माणसे एकेका संगणकापाशी जाऊन तो हाताने उठवत होती. त्यानंतर फाइलींनाही टप्पे आले.

अशा प्रत्येक घटनेनंतर आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, लिहिला जातो. त्यात पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या उत्तराला कोणाचे नाव येऊ लागले की चौथ्यावर थांबतात. उपाय म्हणून आणखी एक मंजुरी, आणखी एक चेकलिस्ट आणि बहुतेकदा आणखी एक एन्व्हायर्नमेंट सुचवले जाते. ते उभारताना स्टेजिंगची फाइल उचलून नावे तेवढी बदलतात. एखादे बदलायचे राहते, आणि नवे एन्व्हायर्नमेंट पहिले काही महिने जुन्याच्या डेटाबेसवर सुखाने चालते.

एन्व्हायर्नमेंट बंद करणे हा या विद्येचा शेवटचा आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग. क्लाउडचे बिल वाढले की कोणीतरी विचारतो, हे यूएटी-२ कोण वापरते? ज्यांनी मागितले ते दोन कंपन्या बदलून गेलेले असतात. ईमेल फिरते, उत्तर येत नाही. तेव्हा स्क्रीम टेस्ट करतात: न सांगता बंद करायचे आणि कोण ओरडतो ते पाहायचे. पहिला दिवस शांत जातो, आठवडा जातो, महिना जातो. बिल कमी झाल्याबद्दल मासिक बैठकीत कौतुक होते. तिमाही संपते आणि अकाउंट्समधून फोन येतो की संचालकांसाठीचा अहवाल या वेळी आला नाही. तो नेहमी एका जुन्या लिंकवरून निघतो, लिंकच्या नावात यूएटी आणि दोन असे काहीतरी आहे. त्या दुपारी ते पुन्हा चालू होते. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलच्या माथ्यावर एक टिप्पणी वाढते, 'काढू नये'. खाली नाव नसते, तारीख नसते. आणि पुल रिक्वेस्ट लगेच मंजूर होते, कारण फक्त टिप्पणीच तर आहे.